पॅडल फ्लोट लावूनही कयाक उलटते

प्रश्न : सी कयाक (समुद्रात वल्हवायची अरुंद होडी) उलटल्यावर पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या पात्यावर चढवायची फुगवण्याची पिशवी) लावून मागच्या डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीवर, चढता येतं, पण बसण्यासाठी वळलो की पुन्हा पाण्यात. नेमकं काय चुकतं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : चूक वळण्यात आहे. फ्लोट एकाच बाजूने आधार देतो. त्यावर भार दिला तर तो तोलून धरतो. भार पलीकडे गेला की वल्ह्यासकट सहज वर उचलला जातो. म्हणून छाती आणि नजर फ्लोटकडे ठेवूनच वळा. घाईत पाठ फ्लोटकडे झाली की संपलंच.

सुरुवातीचंही तपासून पाहा. कयाक उलटी असतानाच एक पाय कॉकपिटमध्ये (बसायच्या खोबणीत) अडकवा, म्हणजे ती वाऱ्याने लांब जाणार नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतील. फ्लोट पात्यावर चढवून पट्टा दांड्याभोवती अडकवा, मग दोन्ही कप्पे गच्च फुगवा. कयाक एका झटक्यात सरळ करा. हळू केली तर आत जास्त पाणी भरतं. वल्ह्याचा दांडा कॉकपिटच्या काठामागे, कयाकला काटकोनात ठेवा. अंगठा दांड्यावर, बोटं काठाच्या आत. दांडा मागे तिरका सरकला की आधार कमी होतो, आणि हे फार वेळा होतं.

आता वल्ह्याच्या मागच्या बाजूला राहून पाय झाडत पृष्ठभागावर आणा. लोंबते पाय कयाक तुमच्याच अंगावर ओढतात. तोंड मागच्या टोकाकडे करून पोटावर डेकवर सरका. एक पाय दांड्यावर टेकवा, दुसरा कॉकपिटमध्ये. तो नीट आत गेल्यावरच पहिला उचला.

बसलात तरी फ्लोट काढू नका. आत 50 लिटर पाणी म्हणजे साधारण 50 किलो वजन, तेही इकडून तिकडे धावणारं. फ्लोटकडे झुकूनच पंपाने पाणी उपसा, स्प्रे स्कर्ट (कमरेभोवतीचं, कॉकपिट झाकणारं कापड) लावा, मग फ्लोट सोडवा.

सराव खाडीत, भरती चालू असताना करा, लाइफ जॅकेट घालून आणि जवळ दुसरी कयाक ठेवून. ओहोटीला देवबागच्या मुखाशी कर्ली नदीचं पाणी समुद्राकडे ओढतं; तिथे शिकणं नको.

प्रश्न : वर बसायच्या कयाकलाही फ्लोट लागतो का?

उत्तर : सहसा नाही. ती सरळ करा, मधोमध पलीकडची कड किंवा पट्टा धरा, जोरात पाय मारत पोटावर आडवे चढा. मग बूड सीटमध्ये, पाय सगळ्यात शेवटी. गुडघ्यांवर उभं राहायला गेलात की पडलात.