कोल्हापुरातून इन्फेक्शियस डिसीजमध्ये डीएम करायचं असेल तर

प्रश्न असा आहे: "कोल्हापुरात एमबीबीएस केलं, इंटर्नशिप संपत आलीय. पुढे मेडिसिन आणि मग इन्फेक्शियस डिसीजमध्ये सुपरस्पेशालिटी करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात कार्डिओ कर, तापाच्या डॉक्टरला कोण विचारतंय? प्रवेश कसा मिळतो, नक्की शिकवतात काय, आणि परत कोल्हापुरात आलो तर काम चालेल का?"

मी याच वाटेने गेले. एमडी मेडिसिननंतर दक्षिणेतल्या एका विद्यापीठातून या विषयात, म्हणजे संसर्गजन्य आजारांत, डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटीची पदवी) केलं आणि आता कोल्हापुरातच काम करते. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: काम चालेल. एकट्यादुकट्याला उरकणार नाही एवढं काम इथे पडलंय. पण ते तुम्हाला नीट करता येईल की नाही, हे तुम्ही डीएम कुठे केलंत यावर ठरतं. 'कुठे' म्हणजे कॉलेजचं नाव किती मोठं, असं मला म्हणायचं नाही. तिथली मायक्रोबायॉलॉजीची, म्हणजे जंतू तपासण्याची, लॅब कशी आहे आणि तिथे तुम्हाला बसू देतात की नाही, हे बघा. याबद्दलच जरा सविस्तर लिहिते, कारण प्रवेशाची माहिती कुठेही मिळेल, हे मात्र कुणी सांगत नाही.

तरी प्रवेशाचं थोडक्यात सांगते. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी देऊन ३ वर्षांचं एमडी, आणि त्यावर ३ वर्षांचं डीएम. डीएमसाठी नीट-एसएस द्यावी लागते. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय अशा राष्ट्रीय संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा आहे. वेल्लोरच्या सीएमसीमध्येही डीएम आहे. काही मोठ्या खासगी रुग्णालयांत डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, डीएमच्या बरोबरीची पदवी) करता येतं, तेही ३ वर्षांचंच. एमडी मेडिसिन हा सरळ रस्ता. बाकी कोणत्या एमडीवाल्यांना बसता येतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, नियम बदलत असतात. जागा देशभरात कमी आहेत, पण कार्डिओ किंवा गॅस्ट्रोला उडते तशी झुंबड इथे नसते. सहा महिन्यांच्या, वर्षाच्या फेलोशिपच्या जाहिरातीही दिसतील. ज्ञान मिळवायला त्या वाईट नाहीत, पण त्यांना डीएमची जागा देऊ नका. परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यावर इन्फेक्शियस डिसीजची २ वर्षांची फेलोशिप असा क्रम आहे.

आता शिकवतात काय ते. या विभागाचे स्वतःचे बेड थोडे असतात. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या वॉर्डात जातो. ऑर्थोमध्ये रॉड बसवलेल्या पायातून पू येतोय. केमोनंतर एकाच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात आणि ताप १०३ आहे. किडनी बदललेल्या माणसाचं डोकं आठवडाभर दुखतंय. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तिसरं अँटिबायोटिक चालू आहे आणि चौथं कोणतं द्यायचं म्हणून फोन आलाय. तुम्ही जायचं, पहिल्या दिवसापासूनची फाइल वाचायची, नातेवाइकांशी बोलायचं, पेशंटला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं आणि मग मत लिहायचं. पुष्कळदा ते मत 'हे औषध बंद करा' असं असतं, आणि ते सर्जनला पटवून देणं हेही शिक्षणच आहे. त्यात प्रोफेसर उभे राहतात, मुलं फक्त बघतात, असं ज्या विभागात चालतं तिथे ही गोष्ट शिकायला मिळत नाही. याशिवाय एचआयव्हीचं एआरटी (औषधोपचार) सेंटर, औषधांना दाद न देणारा टीबी, ट्रान्सप्लांट, इन्फेक्शन कंट्रोलचे राउंड अशी पोस्टिंग असतात. प्रबंध, लॉगबुक, शेवटी विद्यापीठाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा.

आणि लॅब. आमच्याकडे रोज दुपारी जेवणानंतर सगळे रेसिडेंट मायक्रोबायॉलॉजीत जमायचे. ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं; सकाळपासून ज्या बाटल्यांत जंतू वाढल्याची सूचना मशीनने दिली त्यांची यादी समोर असायची. एकदा एका मधुमेही शेतकऱ्याचा नमुना होता. महिनाभर ताप, यकृतात आणि प्लीहेत गळवं, आधीच्या गावी टीबी समजून गोळ्या सुरू केलेल्या. बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टवर नुसतं 'स्यूडोमोनास' लिहिलं होतं. आमच्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला, प्लेट हातात दिली आणि म्हणाल्या, वाच. प्लेटवर उगवलेल्या जंतूंच्या कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती होत्या. स्लाइडवर जंतू दोन टोकांना गडद आणि मध्ये फिका, सेफ्टी पिनसारखा. कोणतं औषध जंतूवर चालतं ते दाखवणाऱ्या तक्त्यात जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही निकामी, पण साधं को-अमॉक्सिक्लॅव चालतंय. नेहमीचा स्यूडोमोनास असा वागत नाही. तो मेलिऑइडोसिस होता. माती-पाण्यातला जंतू, पावसाळ्यात उचल खातो आणि मधुमेही माणसाला जास्त धरतो. त्याला आधी शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम द्यावं लागतं, आणि मग किमान ३ महिने को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. गोळ्या अर्धवट सोडल्या तर तो परत येतो. नुसता कागद वाचून उपचार केले असते तर औषध चुकलं असतंच, शिवाय पुढचे महिनेही चुकले असते.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण असं की कोल्हापुरात आल्यावर तुमच्या शेजारी त्या मॅडम नसणार. रिपोर्टवर लिहिलेलं आणि प्लेटवर उगवलेलं यातला फरक तुम्हालाच कळला पाहिजे. म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना फोन करून दोन गोष्टी विचारा. तुम्ही रोज लॅबमध्ये जाता का? आणि तुमच्या सांगण्यावरून सर्जन अँटिबायोटिक बंद करतात का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर जागा चांगली. जिथे रेसिडेंटचं आयुष्य फक्त आयसीयूतल्या महागड्या औषधांच्या मंजुरीच्या फॉर्मवर सह्या करण्यात जातं, ती संस्था कितीही नावाजलेली असो, मी तरी सुचवणार नाही.

आता आपल्या कोल्हापूरचं. घरचे म्हणतात 'तापाचा डॉक्टर'. म्हणू द्या. आपल्या जिल्ह्यात ताप किती तऱ्हांचा आहे, हे त्यांना माहीत नाही. पंचगंगेचं पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कुठवर आलं होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पूर ओसरतो, माणसं चिखलात उतरून घरं धुतात, गोठे साफ करतात, आणि त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) पेशंट येतात: पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल, लघवी कमी, क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) वर चाललंय. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरपट्ट्यातून स्क्रब टायफस, म्हणजे रानातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, येतो. चंदगडच्या पलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडतायत. हा तोच क्यासनूरचा आजार, १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला. घाटाच्या या बाजूला बसून तो आपला नाही असं म्हणता येत नाही. आणि दुधाचा जिल्हा म्हटल्यावर ब्रुसेला, जनावरांकडून आणि कच्च्या दुधातून येणारा जंतू, आलाच. म्हशीची धार थेट ग्लासात काढून प्यायची आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे. महिनोन्‌महिने बारीक ताप, रात्री घाम, कंबर धरलेली, असा माणूस समोर आला की मी हमखास विचारते, दूध तापवून पिता की तसंच? घरी जनावर व्यालं तेव्हा हात कुणी लावला? गाय-म्हैस गाभडली होती का? दिल्ली-मुंबईच्या पुस्तकी हिस्ट्रीत हे प्रश्न शेवटी कुठेतरी असतात, इथे ते पहिल्या पाचांत हवेत.

एक पेशंट सांगते. डोंगरपट्ट्यातल्या एक काकी, पन्नाशीच्या, आठ दिवस ताप. गावात सलाईन झालं, मग तालुक्याला, मग इथल्या एका रुग्णालयात. प्लेटलेट पेशी कमी म्हणून डेंग्यू धरलेला, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली तरी तसाच धरलेला. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक चालू होतं. मला बोलावलं तेव्हा श्वास लागायला सुरुवात झाली होती. त्यांच्या सुनेला विचारलं, काकी रानात जातात का? "रोज वैरणीला जात्यात की." मग पडदा ओढून नर्सच्या मदतीने पूर्ण तपासलं. परकराची नाडी बांधतात तिथे, कमरेच्या घडीत, वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलेलीही नव्हती. स्क्रबचा किडा चावतो तिथे असा डाग पडतो आणि तो नेमका काखेत, कमरेला, छातीखाली, जांघेत असतो, म्हणजे आपल्या ओपीडीत जिथे कुणी बघत नाही तिथे. हा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि सेफ्ट्रियाक्झोन त्याच्यावर चालत नाही. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ताप नव्हता आणि काकी भाकरी मागत होत्या. डॉक्सीसायक्लिनची गोळी काही रुपयांची. त्याआधी किती हजारांची इंजेक्शनं झाली होती ते बिल मी पाहिलं होतं. त्या घरात एकच म्हैस होती आणि ती विकायची बोलणी चालू झाली होती.

हे काम मला मोलाचं वाटतं, आणि ते करणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी हवीत, फक्त महानगरांत नकोत, असं माझं ठाम मत आहे. पेशंट मुंबईच्या इन्फेक्शियस डिसीजवाल्यापर्यंत पोचेस्तोवर चार अँटिबायोटिक होऊन गेलेली असतात आणि कल्चर काढायची वेळ निघून गेलेली असते.

पैशाचं खरं सांगते. या शाखेत स्टेंट नाही, स्कोप नाही, ऑपरेशन नाही. तपासणी आणि विचार, याचीच फी. कार्डिओच्या मित्राशी तुलना केलीत तर कमाई कमी दिसेल आणि दिसतच राहील. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. मेडिसिनची ओपीडी असतेच. दोन-तीन रुग्णालयांचे आयसीयू राउंड मिळतात. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचं) मानांकन हवं असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला इन्फेक्शन कंट्रोलची व्यवस्था दाखवावी लागते, तिथे तुमची गरज पडते. सुरुवातीला सर्जन मंडळी बोलवायला कचरतात. बाहेरच्या माणसाने येऊन आपलं औषध बदलावं हे कुणाला आवडेल? त्यावर माझा अनुभव एवढाच की फाइलवर टीका लिहायची नाही, फोन उचलून बोलायचं. 'सर, हे थांबवलं तर चालेल असं वाटतंय, उद्या सकाळी मी स्वतः येऊन बघते' असं म्हटलं आणि खरंच सकाळी गेलं, की पुढच्या वेळी तेच आधी फोन करतात.

दुसरी अडचण कल्चरची. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक बाटलीत पुरेसं रक्त घालून नमुने घ्यायला हवेत. नातेवाईक म्हणतात, आधीच इतकं रक्त काढलंय, अजून कशाला? ते समजावायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं तुम्हीच द्यायची असतात, सिस्टरवर ढकलायची नाहीत. कल्चर नसेल तर पुढचे पंधरा दिवस आपण अंदाजाने औषधं देतो, आणि अंदाजाने दिलेली औषधं नेहमी जास्तच असतात. कोलिस्टिन हे आपल्या हातातल्या शेवटच्या काही औषधांपैकी एक. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली, ती याच काळजीने. आयसीयूत ते हात सैल सोडून वापरलं तर त्या बंदीचा उपयोग काय?

तुमची इंटर्नशिप अजून संपलेली नाही, तर आत्ताच करण्यासारखं सांगते. सीपीआर या सरकारी रुग्णालयात असाल किंवा कसबा बावड्याला डी. वाय. पाटीलमध्ये, दुपारी अर्धा तास मायक्रोबायॉलॉजीत जाऊन बसा. तुम्ही स्वतः ज्याचं रक्त काढलं त्याची प्लेट मागून बघा. कुणी नाही म्हणणार नाही, उलट विचारायला आलेला इंटर्न बघून त्या विभागातल्या माणसांना बरं वाटतं. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून स्लाइडवर बघायची पद्धत) स्वतःच्या हाताने करायला शिका. तापाच्या प्रत्येक पेशंटची पूर्ण तपासणी करा, कपड्यांच्या घड्या उलगडून, पेशंट बाई असेल तर सोबत सिस्टरला उभं करून. एमडीला आलात की प्रबंधाचा विषय तापाचा किंवा कल्चरचा घ्या. डीएमच्या तयारीला तोच उपयोगी पडतो.

घरच्यांना एकदम डीएमचं सांगून घाबरवू नका. आत्ता ठरवायचंय ते फक्त मेडिसिन, आणि कार्डिओला जायचं असलं तरी एमडी मेडिसिनच लागतं. त्यांची आणि तुमची वाट अजून ३ वर्षं एकच आहे. तेवढ्या वेळात वॉर्डातच कळेल की तुमचं मन ईसीजीत रमतंय की तापाच्या चार्टमध्ये. एमडीच्या दुसऱ्या वर्षात आलात आणि मन अजून इथेच असेल, तर मला इथेच पुन्हा विचारा. कुठल्या कॉलेजांना फोन करायचे ते तेव्हाच्या परिस्थितीप्रमाणे सांगेन.