ए-पिलरच्या आड दडलेली दुचाकी

प्रश्न : नव्या एसयूव्हीने चौकात उजवीकडे वळताना दुचाकी एकदम समोर उगवते. आधीच्या छोट्या गाडीत असं होत नव्हतं. चूक माझी की गाडीची?

उत्तर : मोठा वाटा गाडीच्या रचनेचा आहे. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब, म्हणजे ए-पिलर, आता जाडजूड झालेत. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून ते मजबूत करावे लागतात. आतल्यांचा जीव वाचवणारा हाच खांब बाहेरच्याला झाकतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा खांब डोळ्यांना जवळ आणि त्यामागे जास्त झाकलं जातं.

हिशोब करून पाहा. खांब 10 सेंमी रुंद आणि डोळ्यांपासून 70 सेंमीवर असेल, तर दोन्ही डोळे उघडे असूनही 20 मीटरवर सुमारे 1 मीटरचा पट्टा दिसत नाही. समोरून येणारी दुचाकी त्यात अख्खी मावते. खरा धोका पुढे आहे. तुमचा आणि तिचा वेग असा जुळला की कोन बदलतच नाही, तर ती चौकापर्यंत खांबाआडच राहते.

नुसती मान वळवून भागत नाही, डोळ्यांची जागा बदलावी लागते. वळण्यापूर्वी छातीपासून 10-15 सेंमी पुढे झुका, मग मागे या. दोन्ही वेळा खांबाच्या दोन्ही बाजूंना पाहा. घाटातल्या उजव्या वळणांवरही हेच करा. मोबाइल होल्डर खांबाला लागून बसवला असेल तर आजच काढा.

प्रश्न : सोसायटीत मुलं खेळतात. बॉनेटपुढचं किती दिसत नाही, ते कसं मोजायचं?

उत्तर : गाडी सपाट जागी उभी करून नेहमीसारखे बसा. दुसऱ्या कुणाला तरी 80 सेंमीची काठी बंपरला लागून उभी धरायला सांगा आणि टोक दिसेपर्यंत गाडीपासून दूर सरकायला लावा. ते अंतर टेपने मोजा. डोळे जमिनीपासून 140 सेंमीवर, बॉनेटची पुढची कड 100 सेंमीवर आणि डोळ्यांपासून 2 मीटरवर असेल, तर हे अंतर 1 मीटर येतं. त्याच्या आतलं तेवढ्या उंचीचं मूल अजिबात दिसणार नाही. सीट 5 सेंमी वर घेतली तर 89 सेंमी होतं, म्हणजे फरक फक्त 11 सेंमीचा. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना सक्तीचे झालेले पार्किंग सेन्सर मागचं पाहतात, पुढचं नाही. त्यामुळे गाडीत बसण्याआधी तिच्या पुढून एक फेरी माराच.