पावसाळ्याचे चार महिने तुमच्या हातात आहेतच

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापुरात वडिलांपासून चालत आलेला रंगकामाचा ठेका, सहा माणसं, वर्षाची उलाढाल साडेसतरा लाख, सगळं भागवून हातात पाच. शिवाय जी. डी. आर्ट ही कलेची पदविका झालेली आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेले कॅनव्हास. सहा लाखांची एफडी मोडून, ठेका वर्षभर बंद ठेवून मुंबईत एकल प्रदर्शन करावं असं तुम्हाला वाटतं. धाकटे बंधू म्हणतात, त्यापेक्षा टेम्पो आणि स्प्रे मशीन घ्या.

ठेका बंद करू नका. पैसे बुडतील ही भीती आहेच, पण त्याहून मोठं नुकसान माणसांचं होईल. भिंतीवर लांबी (पुट्टी) आरशासारखी ओढणारा आणि उंच भिंतीसाठी दोराच्या झुल्यावर चढायला न कचरणारा गडी वर्षभर तुमची वाट बघत बसणार नाही. दुसरा ठेकेदार त्याला उचल देऊन घेऊन जाईल. मग परत येऊन गँग बांधायला दोन हंगाम जातात, आणि हा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

शिवाय जहांगीर आर्ट गॅलरी तुमच्या मनात असेल, तर तिथल्या तारखांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तारीख हातात नसताना यंदाच्या जूनपासून ठेका कशासाठी थांबवायचा?

जून ते सप्टेंबर बाहेरचं काम तसंही बंद असतं. आतल्या भिंतीही ओल धरून असतात. हे चार महिने चित्रांना द्या. घरखर्च महिना तीस हजार तुम्ही लिहिलाय, म्हणजे 1,20,000. चार कायम गड्यांना पंधरा-पंधरा हजार उचल, 60,000. हे 1,80,000 एफडीतून वेगळे काढा. उचल पुढे मजुरीतून वळती होईल, बाकीचं दसरा-दिवाळीच्या कामांतून भरून काढा. प्रदर्शनाला दीड लाखाची मर्यादा घाला आणि पहिलं प्रदर्शन शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात करा. कोणती चित्रं विकली जातात हे घरच्या गावात स्वस्तात कळेल. उरलेल्या 2,70,000 ला हात लावू नका. सोसायटीच्या कामाचं शेवटचं बिल किती महिने अडकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. चार लाखांचं सोसायटीचं काम येतंय म्हणता. ते मटेरियलसह घेतलंत तर उलाढाल साडेएकवीस लाखांवर जाईल. सेवेच्या धंद्याला वर्षाला वीस लाखांवर जीएसटी नोंदणी लागते, आणि एकाच पॅनवरची उलाढाल एकत्र धरतात. म्हणजे चित्रविक्रीही त्यातच मोजली जाते. रंगकामावर 18 टक्के कर आहे. दर आधीच ठरला असेल तर तो तुमच्या खिशातून जाईल. सोसायटीने रंग स्वतःच्या नावावर थेट दुकानातून घ्यावा आणि तुम्ही फक्त मजुरीचा ठेका घ्यावा. बिलातून टीडीएस कापतील, तो विवरणपत्रात मागून घ्या.

आणि त्या बंगल्याच्या जिन्यातलं भित्तिचित्र! मालक "रंगकामातच धरा" म्हणाले आणि तुम्ही धरलंत. भित्तिचित्राचं कोटेशन वेगळ्या कागदावर द्या. चौरस फुटाने नको. रेखाटनाचे पैसे आधी, काम नंतर. बँक खातंही वेगळं ठेवा, म्हणजे चित्रकार म्हणून तुम्ही किती कमावता ते तुम्हाला पहिल्यांदा दिसेल.

बंधूंना सांगा, टेम्पो भाड्याने मिळतो. मशीनही मिळतं.

ठेकेदारीची लाज तुमच्या पत्रात दोन-तीन ठिकाणी डोकावते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नामवंत चित्रकार नाटकांचे पडदे रंगवायचे, आणि ते तुमच्याच गावचे. जूनआधी माळ्यावरचे कॅनव्हास खाली काढा. ओल तिथेही पोचते.