गहू आहे, चक्की बंद: टाळेबंदीतल्या स्वयंपाकघराचे प्रश्न

एप्रिल २०२०चा तिसरा आठवडा उलटला होता. कोरोनामुळे लागलेली टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली होती आणि या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरत होते: घरात काय आणायचं, कसं टिकवायचं, कसं शिजवायचं. नाशिक जिल्ह्यात अन्नाचा तुटवडा नव्हता. निफाडला कांदा होता, दिंडोरीला द्राक्षं होती. तुटला होता तो शेत आणि स्वयंपाकघर यांच्यामधला दुवा. म्हणून तेव्हाची ही उत्तरं देताना जवळ जे मिळत होतं ते न नासवता कसं वापरायचं, यावर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : घरात तीस किलो गहू आहे, पण आमच्या गल्लीतली चक्की बंद आहे. दुकानात तयार पीठ मिळत नाही. काय करावं? (वाचक, सिडको)

गहू दळल्याशिवायही खाता येतो, हे आधी लक्षात घ्या. एक वाटी गहू रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून तीन वाट्या पाण्यात कुकरला मंद आचेवर सात-आठ शिट्ट्या घ्या. गूळ, वेलची आणि दूध घातलं की खीर. कांदा, मिरची, हळद आणि मूठभर मूगडाळ घातली की तिखट खिचडा. गहू आधी कोरडा भाजून मिक्सरवर नुसता भरडला, तर लापशी वीस मिनिटांत होते आणि गॅसही वाचतो.

धिरडी आणखी सोपी. दोन वाट्या गहू आणि अर्धी वाटी तांदूळ आठ तास भिजवा. एप्रिलच्या उन्हात मध्ये एकदा पाणी बदलायलाच हवं, नाहीतर आंबूस वास येतो. मग आलं, मिरची, जिरं घालून बारीक वाटा आणि तव्यावर पातळ पसरवा. धिरडं तव्याला चिकटत असेल तर दोष बहुतेक वेळा तव्याच्या तापमानाचा असतो. पाण्याचा शिपका मारल्यावर थेंब नाचले पाहिजेत, मगच पीठ घाला.

पोळ्याच हव्या असतील तर मिक्सरवर दळता येतं, पण धीराने. सुका, निवडलेला गहू एका वेळी एकच वाटी, चटणीच्या लहान भांड्यात. तीस-चाळीस सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवून पुन्हा फिरवा. पीठ हाताला गरम लागलं की दहा मिनिटं मिक्सर बंद ठेवा. मिक्सर अचानक बंद पडला तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी एक लहान लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं. प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, बटण आत दाबा. लगेच दाबून पुन्हा भरडायला घेतलं तर मोटर जळते, आणि टाळेबंदीत दुरुस्तीचं दुकान उघडं नसतं.

दळलेलं मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहील तो जाड भाग लापशीला ठेवा. या पिठात कोंडा जाड राहतो, त्यामुळे पोळी कडेला फाटते. कोमट पाण्यात, नेहमीपेक्षा सैल मळा आणि निदान चाळीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कोंडा पाणी पितो. तरीही नवख्या हाताने पोळीपेक्षा थालीपीठ करणं शहाणपणाचं. नागली (नाचणी) घरात असेल तर तिचा दाणा लहान असल्यामुळे ती मिक्सरवर गव्हापेक्षा चांगली दळली जाते. ज्वारीचं जुनं पीठ असेल आणि भाकरी चिरत असेल, तर पिठाइतकंच पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि ती उकड मळून भाकरी थापा.

प्रश्न : सोसायटीने शेतकऱ्याकडून थेट कांदा घेतला. प्रत्येक घरी वीस किलो आला. दहा दिवसांत चार-पाच किलो सडला. शेतकऱ्याने खराब माल दिला का? (वाचिका, इंदिरानगर)

तसं लगेच म्हणू नका. या दिवसांत बाजारात दोन तऱ्हेचे कांदे एकत्र येतात. लेट खरिपाचा रांगडा आणि नुकताच निघालेला उन्हाळ कांदा. रांगडा टिकत नाही, तो महिन्याभरात संपवायचा. उन्हाळ कांदा नीट सुकवला तर पावसाळा काढतो. हातात घेऊन बघा: मान बारीक आणि पिळून सुकलेली, अंगाला घट्ट पापुद्रा, दाबल्यावर टणक, तर तो ठेवणीचा. मान जाड आणि दाबल्यावर मऊ लागत असेल तर तो आधी खा. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले आणि जोडकांदे बाजूला काढा. त्यांच्यात मधल्या पोकळीतून ओल शिरते आणि सड तिथूनच सुरू होते.

आता तुमच्याकडे काय बिघडलं असेल? बहुधा कांदा आला त्याच गोणीत राहिला. शेतकरी कांदा शेतात पातीखाली वाळवतो, मग सावलीत सुकवतो, मग कांदा साठवायच्या हवेशीर चाळीत भरतो. चाळीला खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा असतो. टाळेबंदीत घाईत काढलेला कांदा सुकायच्या आधीच शहरात पोचतो. म्हणून ते सुकवणं तुम्ही पुरं करा. गोणी लगेच रिकामी करा. गॅलरीत, पण थेट उन्हात नाही, वर्तमानपत्रावर एक थर पसरून चार दिवस ठेवा. पात असेल तर दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून कापा. मान मुळाशी कापली तर तिथून बुरशी शिरते. नंतर भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये, खाली दोन विटा ठेवून, दोन-तीन थरांपेक्षा जास्त नाही. दर आठवड्याला हात फिरवा. एक सडका कांदा शेजारच्या चारांना घेऊन जातो.

बटाटे त्याच टोपलीत ठेवू नका, दोघांची ओल एकमेकांना बाधते आणि कोंब लवकर येतात. वरच्या पापुद्र्यावर काळी पूड दिसली तर ती बुरशी आहे. दोन पापुद्रे काढा, आतला कांदा पांढरा आणि टणक असेल तर धुऊन वापरा. आतही काळं किंवा पाणचट असेल तर टाका. सोसायटीसाठी सूचना एकच: पुढच्या वेळी घरटी वीस किलोऐवजी दहा घ्या. शेतकऱ्याला दर पंधरवड्याला येणारं गिऱ्हाईक एकदाच आलेल्या मोठ्या मागणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : आमचं रेशन कार्ड केशरी आहे. शेजाऱ्यांचंही केशरी आहे. त्यांना मोफत तांदूळ मिळाला, आम्हाला दुकानदाराने नाही म्हटलं. हे कसं? (वाचक, सातपूर)

कार्डाच्या रंगावर जाऊ नका, आतला शिक्का बघा. केशरी कार्डात दोन प्रकार आहेत. ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असेल तर तुम्ही अन्नसुरक्षा कायद्याखाली आहात. २०२०मध्ये अशा कार्डाला माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळत होतं, शिवाय त्या वर्षी एप्रिल, मे आणि जूनमध्ये माणशी ५ किलो तांदूळ मोफत होता. अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला नेहमीचं धान्य दरमहा ३५ किलो, तेही माणसं कितीही असोत. मोफत तांदूळ मात्र त्यांनाही माणशी ५ किलो होता. केंद्राने दोन्ही गटांना प्रत्येक कार्डामागे महिना १ किलो डाळही जाहीर केली होती. ती तांदळाबरोबरच येईल असं नव्हतं.

शिक्का नसेल तर तो मोफत तांदूळ तुमच्यासाठी नव्हता. दुकानदाराने सांगितलं ते बरोबर. पण राज्य सरकारने अशा केशरी कार्डांना मे आणि जून २०२०साठी माणशी ३ किलो गहू ८ रुपये आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने ठरवला होता. चार माणसांचा हिशेब: १२ किलो गव्हाचे ९६ आणि ८ किलो तांदळाचेही ९६, एकूण १९२ रुपये.

शिक्का असलेल्या चार माणसांचा हिशेब वेगळा होता. माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ धरले तर २४ आणि २४, म्हणजे ४८ रुपये. मोफत तांदळाचे शून्य. नेहमीचं धान्य आणि मोफत तांदूळ यांची नोंद वेगवेगळी होत होती. पावती नेहमी मागून घ्या आणि तिथेच वाचा. कमी धान्य देऊन पूर्ण नोंद केली, तर तक्रारीला तीच पावती लागते. तक्रार १९६७ किंवा १८००२२४९५० या क्रमांकावर करता येते. दुकानाचं नाव, कार्डाचा क्रमांक, तारीख आणि किती किलो कमी, एवढं सांगा.

प्रश्न : दारावर द्राक्षं इतकी स्वस्त मिळाली की दहा किलो घेतली. आता पिकून गळायला लागली. घरी बेदाणे होतील का? (वाचिका, पंचवटी)

होतील, आणि हा हंगाम संपत आल्यामुळे करायची वेळही हीच. २०२०मध्ये निर्यात अडली, बाजार समित्या अधूनमधून बंद राहिल्या आणि बागेत माल राहिला. बागाईतदाराने वर्षभर पोटच्या पोरासारखी जपलेली ही फळं आहेत, ती घरात वाया जाता कामा नयेत.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पांढुरका थर असतो. तो पाणी आत धरून ठेवतो, म्हणून नुसती उन्हात टाकलेली द्राक्षं आधी आंबतात, मग सुकतात. बेदाण्याच्या शेडवर यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं द्रावण वापरतात. घरी गरम पाणी पुरतं. द्राक्षं घडापासून सुटी करा, फुटलेली आणि बुरशी लागलेली टाका, दोन-तीन पाण्यांतून धुवा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, लिटरला एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. चाळणीत द्राक्षं घेऊन तीस सेकंद बुडवा. सालीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या की काढून थंड पाण्यात धुवा. जास्त वेळ ठेवली तर साल सुटते आणि रस गळतो, मग चिकट लगदा होतो.

सुती कापडावर एकेक दाणा सुटा पसरवा, वरून जुनी ओढणी बांधा, गच्चीत कडक उन्हात ठेवा. संध्याकाळी आत आणा, रात्रीचा गारवा लागला की दाणे परत ओले होतात. रोज एकदा हलवा. चार-सहा दिवस लागतील. दोन बोटांत दाबल्यावर रस येत नाही पण दाणा वाकतो, तेव्हा तयार. चार किलो गोड द्राक्षांचे साधारण एक किलो बेदाणे होतात. आंबट द्राक्षांचे कमी आणि कडक. रंग तपकिरी येईल, दुकानासारखा हिरवा-पिवळा नाही, कारण आपण गंधकाची धुरी देत नाही. त्यात काही बिघडलेलं नाही. दारूसारखा वास आला तर मात्र थर जाड पडला होता, तो घाणा टाकून द्या.

प्रश्न : भाजी साबणाने धुवावी की सॅनिटायझरने? (अनेक वाचक)

दोन्ही नाही. साबण भेंडीच्या लवीत, फ्लॉवरच्या तुऱ्यात, पालकाच्या सुरकुतीत अडकतो आणि पोटात गेला की उलट्या-जुलाब होतात. सॅनिटायझर पेट घेतो, ओट्याजवळ तर आणूच नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि पिशवी उचलल्यावर आपले हात साबणाने वीस सेकंद धुवा. साबण हातासाठी आहे.

प्रश्न : धान्य जास्त भरून ठेवलं तर किडे होतील. गोळ्या टाकाव्यात का? (वाचक, नाशिकरोड)

कोणत्या गोळ्या, हे विचारणं गरजेचं आहे. शेतमालाच्या गोदामात वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात कधीही नकोत. ओल लागताच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कोणी सुट्या दिल्या तरी घेऊ नका. बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात नको.

गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवा, घरात आणून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम भरला तर आत घाम धरतो आणि जाळी होते. मध्ये मध्ये सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला. तूरडाळ आणि तांदळाला किलोला एक लहान चमचा एरंडेल हाताने चोळा, शिजवण्याआधी धुवा. रव्याला भाजून डब्यात भरण्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

आणि ‘जास्त’ म्हणजे किती? मोठी दोन, मुलं दोन अशा घराला महिन्याला गहू-ज्वारी-नागली मिळून २० किलो, तांदूळ ८, डाळी आणि कडधान्यं ४, शेंगदाणे दीड, साखर-गूळ ३ किलो आणि तेल ३ लिटर पुरतं. याच्या दीडपट घरात असेल तर पुढची फेरी टाळा. दुकानदार एकाला दोनच किलो डाळ देत असेल, तर त्याचा राग मानू नका. मागे उभ्या असलेल्या रोजंदारीवाल्याकडे महिन्याचे पैसे एकदम नसतात, त्याला रोज पावशेर घ्यावं लागतं.

प्रश्न : फ्रिज बिघडला आहे, दुरुस्तीला कोणी येत नाही. भाजी-दूध कसं ठेवू? (वाचिका, गंगापूर रोड)

एक मोठी कुंडी किंवा माठ, त्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू. वाळू दिवसातून दोनदा ओली करा, वर ओलं फडकं, आणि भांडं वाऱ्याच्या जागी. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात गवार, भेंडी, काकडी तीन-चार दिवस राहते. पावसाळ्यात हे चालणार नाही. कोथिंबीर धुऊ नका, मुळांसकट कोरड्या फडक्यात गुंडाळा. दूध आल्या आल्या उकळा, पाच-सहा तासांनी पुन्हा, मध्ये पातेलं पाण्याच्या परातीत. रात्री उरलं तर विरजण लावा.

प्रश्न : अंबडच्या कंपनीत आहे, एकटा राहतो, खानावळ बंद. एक कुकर आणि शेगडी आहे. स्वयंपाक येत नाही. (वाचक, अंबड)

दुपारचं जेवण २०२०च्या टाळेबंदीत राज्य सरकारच्या स्वस्त शिवभोजन थाळी केंद्रात ५ रुपयांत मिळत होतं, सकाळी ११ ते दुपारी ३. रात्रीसाठी एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन कुकरमध्ये. एक चमचा तेलात जिरं, चिरलेला कांदा, हळद, मग डाळ-तांदूळ, साडेचार वाट्या पाणी, सपाट चमचाभर मीठ. तीन शिट्ट्या, गॅस बंद, वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडू नका. कुकर निम्म्यावर भरला की थांबा, डाळ फसफसून शिट्टीच्या तोंडाशी येते. हे दोन वेळचं होतं, पण या उन्हात रात्रीचं सकाळी आंबतं, म्हणून एकट्याने अर्ध्या मापाने करा. सोबत मोड आलेले मूग: सकाळी भिजवा, रात्री ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी कांदा, मीठ आणि लिंबू. भाजी मिळाली नाही तरी त्या दिवशी ताटात काहीतरी ताजं असेल.