खारी हवा आणि तांब्याची नाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाणी जमवायची हौस आहे, पण महिन्याला पाचशे रुपयांच्या वर जाता येत नाही. काय घ्यावे? – एक वाचक, मालवण

उत्तर : चांदी सध्या बाजूला ठेवा आणि एकच मालिका धरून ती पुरी करा. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा घ्या. मग १९५७ ते १९६३ चा नया पैसा. सालाखाली शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, खूण नसेल तर कोलकात्याचे, त्यामुळे एकाच सालाची दोन नाणी शोधण्यात मजा येते. हात बसला की दुदांडी शिवराईकडे, म्हणजे ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याकडे वळा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे अक्षरे निम्मीच उमटतात, ती खोट नव्हे. उलट अर्धवट अक्षरांची शिवराई स्वस्त मिळते. मात्र एकाच विक्रेत्याकडे दोन शिवराया अगदी सारख्याच जागी तुटक्या दिसल्या तर दोन्ही नका घेऊ. हाताने ठोकलेली दोन नाणी कधीच हुबेहूब नसतात, एका साच्यात ओतलेली असतात. कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खळगे दिसले तर नाणे ओतीवच समजा.

‘१८१८’ साल आणि रामदरबार किंवा हनुमान असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनीचे’ नाणे कोणी दाखवले तर हात जोडून परत करा. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही.

प्रश्न : आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याची नाणी आहेत. आमसुलाने घासून लख्ख करावीत का? काहींवर हिरवी भुकटी येते. – एक वाचक, गुहागर

उत्तर : आमसूल, चिंच, लिंबू, यांतले काहीही नको. तांब्याचा तांबूस-काळपट थर आम्लात विरघळतो, अक्षरांच्या कडा झिजतात आणि उघडे पडलेले तांबे आपल्या हवेत पुन्हा काळवंडते. नाण्याची निम्मी किंमत त्या एका घासणीत जाते.

हिरव्याचे दोन प्रकार असतात. कडक, गुळगुळीत, नखाने न निघणारा थर असेल तर तसाच राहू द्या, त्याने नाण्याचे रक्षणच होते. फिकट, पिठासारखी, बोटाला लागणारी भुकटी मात्र रोग आहे. समुद्राच्या हवेतले किंवा खारट मातीतले क्लोराइड तांब्यात शिरते आणि दमट हवा मिळाली की तांबे खात राहते. असे नाणे लगेच इतरांपासून वेगळे करा. बांबूच्या काडीने भुकटी अलगद काढा. सुई किंवा तारेचा ब्रश वापरू नका. मग शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचे पाणी मिळते ते चालेल, पण ॲसिड नव्हे, पाणीच मागा. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते नको. पहिला आठवडा रोज आणि पुढे आठवड्याला पाणी बदला. काही आठवडे लागतात. शेवटी शुद्ध ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल असते) बुचकळून वाळवा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास चूल, शेगडी नको. पंधरा दिवसांनी पाहा. भुकटी परत आली तर सगळे पुन्हा करावे लागते.

ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटे घेऊ नका, त्यांचा हिरवा चिकट लगदा नाण्यावर उतरतो. मायलरची (पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट घ्या, पण स्टेपलरच्या पिनांची नको: आपल्याकडे पिना गंजतात. चिकटवायची मिळते, ती घ्या. सगळ्या चौकटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारे जेल असले की ओलावा भरला ते कळते. मिरग लागायच्या आधी कोरड्या दिवशी डबा बंद करा आणि पावसाळाभर उगाच उघडू नका.

प्रश्न : व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया खरा कसा ओळखावा? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, झिजून थोडे कमी भरते. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. खऱ्या रुपयाला सुमारे १.१३ येईल. तांबे-निकेलच्या नकलेला त्याच वजनात १.३ च्या आसपास येते. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो, बोटाने पाडा. चुंबकाला चिकटणारा व्हिक्टोरियाचा रुपया खोटा. पण १९४७ चा वाघाचा रुपया चिकटला तर घाबरू नका, तो निकेलचाच आहे.

भावाचा हिशेबही सोपा: रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाच्या दराने गुणा. साध्या सालाच्या, झिजक्या नाण्याला त्याहून फार जास्त देऊ नका.

प्रश्न : माडाच्या आळ्यात खणताना नाणी निघाली तर? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती धुऊ नका, मातीसकट ठेवा.