अमेरिकेत बायोफीडबॅकची माणसं कशी भेटतील?

तू विचारलंस: क्लिनिकल सायकॉलॉजीत एमए आहे, चार वर्षं एका पेन क्लिनिकमध्ये बायोफीडबॅक (शरीराचे संकेत सेन्सरनं पडद्यावर दाखवून ते ताब्यात आणायला शिकवणं) करते आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्षअखेरीस अमेरिकेला जायचं नक्की झालंय, तिथे आपल्या कामातली माणसं कशी भेटतील आणि लोकांपर्यंत पोचायचं कसं? ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. मी फिजिओथेरपीतून या कामात आले, इथे येऊन 11 वर्षं झाली.

आधी कटकटीचं उरकते. लायसन्स आणि सर्टिफिकेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लायसन्स राज्य देतं, आणि ते नसताना स्वतःला ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. नुसत्या एमएवर बहुतेक राज्यांत ते मिळतही नाही. बायोफीडबॅकचं सर्टिफिकेट बीसीआयए (बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्स) ही संस्था देते. 1981 पासून ती हे काम करते आहे, पुढे तिच्या नावातलं ‘अमेरिका’ जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आलं. तिचं सर्टिफिकेट भिंतीवर लागलं तरी लायसन्स नसेल तर उपचार करायचे ते लायसन्सवाल्याच्या देखरेखीखालीच. आणि एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, येणार असशील तर कामाचा परवाना हातात येईपर्यंत क्लायंट घेऊ नकोस, ‘मी पैसे घेत नाही’ म्हणूनसुद्धा नको. शिकायला आणि सभांना जायला आडकाठी नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे.

कारण इथे माणसं जोडली जातात ती मेंटॉरमुळे, म्हणजे आपलं काम तपासून शिकवणाऱ्या अनुभवी माणसामुळे. सर्टिफिकेटसाठी मान्यताप्राप्त शिक्षणाचे 42 तास आणि शरीरशास्त्राचा एक कोर्स लागतो. तो भाग निघण्याआधीच संपव. पण खरं काम पुढे आहे. मेंटॉरसोबत 20 तास, आणि त्या तासांत स्वतःवर केलेली 10 सत्रं, क्लायंटची 50 सत्रं आणि 10 केस मांडायच्या. (नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी ताजे मागवून घे.) मेंटॉर व्हिडिओवरूनही चालतो, म्हणजे सुरुवात आहेस तिथूनच करता येईल. विमान उतरेल तेव्हा या देशात एक तरी माणूस तुझं काम ओळखणारा असेल.

माझी तिसरी केस मायग्रेनची होती. बाईंच्या बोटांचं तापमान 78 अंश फॅरनहाइटवरून 90 वर गेलं होतं (शरीर सैलावलं की बोटं गरम होतात). आलेख असा देखणा चढलेला, की मी तो मोठा छापून केस-बैठकीला नेला. मेंटॉरनं एवढंच विचारलं, “खोलीचं तापमान किती होतं?” मी लिहिलंच नव्हतं. “बाहेरून आल्यावर त्या किती वेळ शांत बसल्या होत्या?” तेही नाही. ऐन हिवाळ्यात बाहेरून आलेल्या माणसाची बोटं गरम खोलीत आपोआप तापतात. त्यात माझं शिकवणं किती आणि हीटर किती, कोण सांगणार? माझा चेहरा पडला. त्यावर शेजारच्या बाईंनी आपलीच गोष्ट काढली. जबड्याच्या ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत हालचालीच्या मोजणीत, त्यांनी अख्खं सत्र ताण मोजला होता, आणि क्लायंटच्या तोंडात च्युइंगम होतं! तेव्हापासून आमची गट्टी आहे. आपली फजिती अशी चारचौघांत सांगता येते, ही मला इथल्या केस-बैठकांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. तुझ्याही जुन्या फायलींतल्या फसलेल्या दोन केस घेऊन ये, अर्थात नावं-गावं काढून. छान जमलेल्या केसवर फारसं कुणी बोलत नाही.

या क्षेत्रातली मोठी संघटना म्हणजे एएपीबी (असोसिएशन फॉर अप्लाइड सायकोफिजिऑलॉजी अँड बायोफीडबॅक). 1969 साली कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला काही संशोधक जमले आणि ‘बायोफीडबॅक रिसर्च सोसायटी’ स्थापन झाली, तिचंच हे आजचं रूप. तिचं वार्षिक अधिवेशन असतं. न्यूरोफीडबॅकवाल्यांची, म्हणजे मेंदूच्या लहरींवर काम करणाऱ्यांची, आयएसएनआर ही संघटना वेगळी. दोन्हीकडे जाणारेही पुष्कळ आहेत, तरी ‘तुम्ही डोक्यावर इलेक्ट्रोड लावणारे, आम्ही बोटांवर’ अशी चिडवाचिडवी चालते. मी मात्र तुला आधी राज्याची किंवा प्रादेशिक संघटना शोधायला सांगेन. अधिवेशनात माणूस हरवतो. छोट्या बैठकीत मानसतज्ज्ञ, नर्स, फिजिओ, शाळेतला समुपदेशक अशी पंधरा-वीस डोकी असतात, आणि प्रात्यक्षिकासाठी सेन्सर लावून घ्यायला कोणी तरी हवंच असतं. पहिल्याच दिवशी तू उठ. भाषण न करता ओळख होते.

तू भारतातून आलीस हे कळलं की योगाचा विषय निघणार, तयारी ठेव. जुनी मंडळी स्वामी राम या भारतीय योग्यांची गोष्ट सांगतील. 1970 साली कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये बायोफीडबॅकचे संशोधक एल्मर ग्रीन यांनी त्यांच्यावर नोंदी घेतल्या. एकाच तळहातावरच्या दोन जागांच्या तापमानात त्यांनी सुमारे 10 अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखवला होता. गोष्ट खरी आहे, आपल्याला ऐकून बरंही वाटतं. पण त्या कौतुकात वाहून जाऊन मी एकदा प्राणायामावर वीस मिनिटं बोलले, आणि पुढे वर्षभर मला कोणी ईएमजीबद्दल काही विचारलं नाही. तू थोडक्यात उत्तर दे, आणि मिनिटाला सुमारे सहा श्वासांवर हृदयगतीची लाट (श्वासागणिक ठोक्यांचा वेग वाढणं-कमी होणं) का मोठी होते, तिकडे गाडी वळव. तिथे दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं खूप आहे.

आता लोकांपर्यंत पोचणं. ग्रंथालयात, शाळेत, आरोग्य मेळाव्यात टेबल मांडायचं असेल तर संघटनेबरोबर जा, एकटी नको. पत्रकं कोणी वाचत नाही. बोटांना त्वचेची विद्युतवाहकता (ताणानं घाम आला की ती वाढते) मोजणारा सेन्सर लाव आणि 100 मधून 7-7 वजा करत जायला सांग. पडद्यावरची रेघ उसळते, माणूस स्वतःच हसतो आणि प्रश्न विचारायला लागतो. तिथे निदान मात्र करायचं नाही. एका मेळाव्यात एका गृहस्थांची गार बोटं बघून मी “बराच ताण दिसतोय” म्हणून मोकळी झाले. त्यांनी दुसऱ्या हातातला बर्फाच्या सरबताचा ग्लास वर करून दाखवला. मघापर्यंत तो सेन्सर लावलेल्या हातात होता. एकाचे आकडे दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून पडदाही गर्दीकडून वळवून ठेव.

‘बरं होतं’ हा शब्द टेबलावर ठेवूच नकोस. 1970 च्या दशकात मेंदूच्या अल्फा लहरी (शांत जागेपणी दिसणाऱ्या) दाखवणारी यंत्रं झटपट समाधी मिळेल अशा थाटात विकली गेली, आणि त्या बदनामीची किंमत या क्षेत्रानं बरीच वर्षं मोजली. डॉक्टर अजून त्यावरूनच टोमणा मारतात. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दाव्यांऐवजी काळजीचा मुद्दा घेऊन जा: इन्सुलिन, रक्तदाब किंवा थायरॉइडची औषधं चालू असलेल्या माणसाला शिथिलीकरण शिकवलं तर औषधाचं प्रमाण पुन्हा बघावं लागू शकतं, म्हणून आम्ही तुम्हाला कळवत राहू. माझ्याकडे पहिले तीन पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाई याच वाक्यावर थांबल्या होत्या.

विम्याचं थोडक्यात: मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) साध्या ताणासाठी बायोफीडबॅकचे पैसे देत नाही, स्नायूंचं पुनर्प्रशिक्षण आणि लघवीवरचा ताबा अशा मोजक्या कारणांसाठी देतं. म्हणून इथे ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओ इतक्या भेटतील. त्यांच्याशी ओळख ठेव, पेन क्लिनिकचा तुझा अनुभव त्यांच्या कामाचा आहे.

राज्य कोणतं ते ठरलं की कळव. तिथल्या लायसन्स बोर्डाचे नियम दोघी मिळून वाचू, आणि तुझ्या पहिल्या केसला खोलीचं तापमान मीच विचारेन.