व्यवसायांना कागदपत्रं फक्त ऑनलाइनच भरायची सक्ती योग्य आहे का?

हो, योग्य आहे, पण पोर्टल बंद पडलं तर मुदत आपोआप वाढेल हे नियमातच लिहिलेलं हवं. कागद वाचतो, हेलपाटे वाचतात ते ठीकच. खरी गंमत पोचपावतीत आहे. सबमिट केल्याक्षणी तारीख, वेळ आणि अर्ज क्रमांक नोंदला जातो, मग ‘तुमची फाइल आमच्याकडे आलीच नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही. दस्तऐवज केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अवैध ठरवू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ च्या नमुना कायद्यातच मांडलंय, आणि अनेक देशांचे कायदे त्यावरच बेतलेत.

मात्र सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवणं म्हणजे ई-फायलिंग नव्हे (बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच चालतं). त्यातले आकडे पलीकडच्या कर्मचाऱ्याला पुन्हा टाइप करावे लागतात, आणि स्कॅन जरा तिरकं आलं की अर्ज परत. थेट भरायचे रकाने आणि डिजिटल सही, दोन्ही तयार नसतील तर सक्ती पुढे ढकललेली बरी. तोवर दोन्ही पर्याय चालू ठेवावेत.